आठ मार्कांचा फ्रिज

‘इलेक्ट्रोलक्स रेफ्रिजरेटर आकृतीसह स्पष्ट करा’ हा प्रश्न आपल्या मेकॅनिकलच्या पोरांना नवा नाही. जनरेटर, कंडेन्सर, इव्हॅपोरेटर, ॲब्सॉर्बर असे चार डबे, मधे बाण, बाजूला अमोनिया-पाणी-हायड्रोजन लिहिलं की आठ मार्क खिशात! मीही परीक्षेच्या आदल्या रात्री ही आकृती घोकली आणि पेपर संपल्यावर विसरून गेलो. हा फ्रिज जगात वापरतात तरी कुठे, हे विचारावंसंही वाटलं नाही.

सुट्टीत ते कळलं. माझ्या चुलतभावाने अमेरिकेत सेकंडहँड कॅम्पर घेतला. कॅम्पर म्हणजे गाडीमागे ओढायची, चाकांवरची खोली. पहिल्याच सहलीत त्यातला फ्रिज बंद! मेकॅनिक म्हणाला, “दुरुस्तीत अर्थ नाही, नवीनच बसवा. दीड हजार डॉलर.” रात्री दादाचा फोन आला, “तू मेकॅनिकलला ना? हा फ्रिज गॅसवर चालतो. आगीवर बर्फ कसा होतो रे?”

मी आकृती धडाधड म्हणून दाखवली. त्याने शांतपणे ऐकली आणि विचारलं, “ते ठीक. पण बिघडलंय काय?”

मी गप्प. व्हायवात असा प्रश्न कधी आलाच नव्हता.

मग पुस्तक उघडलं, यावेळी मार्कांसाठी नाही. या फ्रिजला कॉम्प्रेसर नाही, पंप नाही. १९२२ साली स्टॉकहोममध्ये फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी तो शोधला. (विद्यार्थ्यांनी, हे लक्षात घ्या!) खालून उष्णता दिली की अमोनिया वर जातो, द्रव होतो आणि उताराने खाली वाहतो. म्हणून कॅम्पर तिरका उभा केला तरी हा फ्रिज रुसतो. उष्णता गॅसची असो वा विजेच्या हीटरची, तापतो तो एकच बॉयलर. इथे माझी ट्यूब पेटली!

दादाला म्हटलं, “कॅम्पर सपाट जागी लाव, फ्रिज विजेवर लाव आणि रात्रभर थांब.” सकाळी फ्रीजरमध्ये बर्फ! म्हणजे बंद नळ्यांचं कूलिंग युनिट ठणठणीत, दोष फक्त ज्योतीच्या बाजूला. सिलिंडर बंद करून बर्नर उघडला तर आत काजळी आणि कोळ्याचं जाळं. एका ब्रशने काम झालं. पिवळी फडफडणारी ज्योत निळी झाली आणि दीड हजार डॉलर वाचले.

याचा अर्थ प्रत्येक जुना फ्रिज दुरुस्तच करावा, असा नाही. अमोनियाचा वास आला किंवा मागच्या नळ्यांवर पिवळी पूड दिसली तर युनिट फुटलंय, असं समजावं. आत हायड्रोजन असतो, तेव्हा ताबडतोब बंद करून बदलणंच शहाणपणाचं. २००६ साली अमेरिकेत आगीच्या धोक्यामुळे असे नऊ लाखांहून अधिक फ्रिज रिकॉल करावे लागले होते. हल्ली बरेच जण सरळ बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज बसवतात. त्याला सपाट जागेचे एवढे लाड लागत नाहीत, मात्र दमदार बॅटरी लागते. बदला, जरूर बदला, पण काय बिघडलंय ते कळल्यावर! नाहीतर तो निर्णय इंजिनिअरचा नाही, दुकानदाराचा.

आणि आपण काय करतो? मागच्या वर्षीच्या फाईलमधून रीडिंग उतरवतो आणि सबमिशन उरकतो. सरांना एक नम्र विनंती आहे. आकृतीचे आठ मार्क सहा करा, पण दोन मार्कांना हा प्रश्न टाका : ‘फ्रिज विजेवर थंड होतो, गॅसवर होत नाही. दोष कुठे?’

आणि हॉस्टेलकरांनो, पुढच्या वेळी रूममधला पंखा बंद पडला तर “बदलून द्या” असा अर्ज लिहिण्याआधी एकदा विचारा, “पण बिघडलंय काय?” डिग्री त्यासाठीच तर घेतोय ना आपण?

– तृतीय वर्ष, यांत्रिकी