टाके दुखणारच?

16 ऑक्टोबर हा जागतिक भूलशास्त्र दिन. 1846 साली याच तारखेला बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका तरुणाला ईथर हुंगायला दिले आणि जॉन कॉलिन्स वॉरन या नामांकित शल्यविशारदाने त्याच्या जबड्याखालच्या गाठीवर सुरी चालवली. तोवर शस्त्रक्रिया म्हणजे रुग्णाला चौघांनी दाबून धरायचे आणि शल्यविशारदाने होईल तितक्या झपाट्याने हात उरकायचा. आज तासन् तास पोट उघडे ठेवून काम करता येते, हृदय थांबवून दुरुस्त करता येते, त्याची सुरुवात तिथली. भूलतज्ज्ञांचे हे ऋण मोठे आहे. मात्र इथे आम्हाला बोलायचे आहे ते भूल उतरल्यानंतरच्या रात्रीबद्दल.

कोणत्याही सर्जिकल वॉर्डात रात्री अकराच्या सुमारास जाऊन पाहावे. सकाळी पोटाचे ऑपरेशन झालेली बाई कुशीवर वळता येत नाही म्हणून उताणी पडलेली असते. छातीत कफ दाटलेला असतो, पण खोकला आला की ती पोटाशी उशी दाबते आणि खोकला अर्ध्यावर गिळते. श्वासाच्या व्यायामासाठी दिलेले तीन चेंडूंचे यंत्र बाजूला तसेच पडलेले असते; पहिला चेंडू वर जायच्या आतच टाके ओढतात. केसपेपरवर वेदनाशामक इंजेक्शनापुढे ‘एसओएस’ लिहिलेले असते, म्हणजे गरज पडली तर द्यायचे. ती गरज ठरवायची कुणी? सिस्टर एकटी आणि तिच्यामागे सगळा वॉर्ड. सोबतीला आलेली सासू म्हणते, टाके आहेत, दुखणारच, सोस थोडं. सकाळी राउंडला डॉक्टर विचारतात, ‘काय, कसं वाटतंय?’ बाई म्हणते, ‘बरं आहे.’ आणि तक्रार नाही अशी नोंद होऊन राउंड पुढच्या खाटेकडे सरकतो.

कळ सोसणे हा आपल्याकडे गुण मानला गेला आहे, बाईच्या बाबतीत तर अधिकच. पण गिळलेल्या खोकल्याची किंमत शरीर वसूल करते. फुप्फुसाचा तळ नीट फुगत नाही, तिथे संसर्ग धरतो. दुखते म्हणून माणूस उठत नाही आणि पायाच्या शिरांत रक्त साकळण्याचा धोका वाढतो. याहून दूरचे नुकसान दाखवले ते डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी, 2006 च्या ‘लॅन्सेट’मधील लेखात. हर्निया, स्तन, छाती अशा नेहमीच्या शस्त्रक्रियांनंतर 10 ते 50 टक्के रुग्णांचे दुखणे जखम भरल्यावरही रेंगाळते आणि साधारण 2 ते 10 टक्क्यांत ते तीव्र असते, असे त्यांनी मांडले. ज्यांना पहिल्या दिवसांत फार दुखले, त्यांच्यात हे प्रमाण अधिक आढळते. त्यात कार्यकारण किती आणि योगायोग किती, याची चर्चा अजून मिटलेली नाही. पण ‘आठ दिवस सोसले की संपले’ हे आश्वासन प्रत्येकाला देता येत नाही, एवढे नक्की.

वेदना सोसली जाते म्हणजे ती नसतेच, हा समज वैद्यकाने किती काळ बाळगला याचे सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण नवजात बाळांचे आहे. 1980 च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतील मोठमोठ्या रुग्णालयांतही अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अत्यंत अपुरी भूल देऊन शस्त्रक्रिया होत. स्नायू सैल पाडणारे औषध दिलेले असल्यामुळे बाळ हलत नसे, रडत नसे. त्याच्या मज्जातंतूंची वाढ झालेली नाही, त्याला कळत नाही, आणि भूल मात्र त्याच्या जिवावर बेतेल, अशी समजूत होती. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजित आनंद या तरुण डॉक्टराच्या नजरेस आले की शस्त्रक्रियेहून परतलेली बाळे फार खालावलेली असतात. त्याने आणि सहकाऱ्यांनी रीतसर चाचणी आखली. हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया व्हायची होती अशा बाळांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला तेव्हाची रूढ भूल, दुसऱ्याला तिच्या जोडीला फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक. ज्यांना फेंटानिल मिळाले, त्यांच्या रक्तातील ताणाची संप्रेरके कमी उसळली आणि त्यांना पुढे त्रासही कमी झाला. 1987 साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि तान्ह्या बाळांची भूल जगभर बदलत गेली. ज्याला सांगता येत नाही त्याचे दुखणे रक्ताच्या चाचणीने सांगितले. आपल्या मातीत शिकलेल्या एका डॉक्टराने हे केले, याचा अभिमान वाटतोच. पण ज्यांना सांगता येते त्यांनाही आपण धड विचारत नाही, याची खंत त्याहून मोठी आहे.

वेदना मोजायची कशी, हा वेदनाशामकांच्या संशोधनापुढचा पहिला प्रश्न. जखमेच्या आकारावरून ती कळत नाही. बॉस्टनच्या त्याच रुग्णालयातील भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांना दुसऱ्या महायुद्धात हे दिसले होते: गंभीर जखमी सैनिकांपैकी कितीतरी जण मॉर्फिन नको म्हणत. म्हणून संशोधकांनी एक साधी, सर्वांना सारखी अशी शस्त्रक्रिया शोधली, अक्कलदाढ काढण्याची. निरोगी तरुण माणसे, ठरावीक जखम, ठरावीक वेळाने सुरू होणारे ठणकणे. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी बनावट गोळी. या आणि अशा शेकडो चाचण्या एकत्र मांडून ऑक्सफर्डच्या अँड्र्यू मूर आणि हेन्री मॅक्वे यांनी औषधांची तुलना केली. बनावट गोळीपेक्षा एका जास्तीच्या माणसाचे दुखणे निम्म्यावर आणायला किती जणांना औषध द्यावे लागते, हा त्यांचा मापदंड. आकडा जितका लहान, तितके औषध गुणी. 60 मिलिग्रॅम कोडीन या अफूवर्गीय औषधाचा आकडा निघाला 12. पॅरासिटामॉल 1000 मिलिग्रॅमचा साधारण साडेतीन, आयबुप्रोफेन 400 चा अडीच. आणि ही दोन्ही साधी औषधे एकत्र दिली तर सुमारे दीड. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या गोळ्यांची ही ताकद आहे. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असणाऱ्यांसाठी वेगळा विचार लागतो, तो डॉक्टरांनी करावाच. इतरांच्या बाबतीत मात्र दुखायची वाट न पाहता घड्याळाच्या काट्यावर ही जोडी देणे आणि जमेल तिथे नस बधिर करणे, हा आजच्या उपचाराचा पाया आहे.

या क्षेत्राला एक डागही आहे आणि तो झाकून चालणार नाही. अमेरिकेतील स्कॉट रूबेन हे शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांवरील संशोधनातले वजनदार नाव. 2009 साली उघड झाले की त्यांच्या 21 शोधनिबंधांतील माहिती बनावट होती. त्यांना तुरुंगवास झाला. पण तोवर जगभरच्या डॉक्टरांनी सेलेकॉक्सिब, प्रीगॅबॅलिन या औषधांच्या वापरात त्या निबंधांचा आधार घेतला होता. पुढे 2020 साली प्रीगॅबॅलिन आणि गॅबापेंटिन यांच्या 281 चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यात रुग्णाला जाणवेल एवढा फायदा दिसला नाही. चक्कर मात्र वाढलेली दिसली. आपल्याकडेही ऑपरेशनच्या आदल्या रात्री यांपैकी एक गोळी देण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. ती आता तपासून घ्यायला हवी.

अफूवर्गीय औषधांच्या बाबतीत अमेरिका आणि भारत अगदी उलट टोकांना घसरले. तिकडे वेदना शून्य ते दहाच्या आकड्यात नोंदवणे सक्तीचे झाले, औषध कंपन्यांनी व्यसनाचा धोका नगण्य असल्याचे डॉक्टरांच्या गळी उतरवले, आणि किरकोळ शस्त्रक्रियेनंतरही गोळ्यांच्या बाटल्या घरी जाऊ लागल्या. 2017 च्या एका मोठ्या अभ्यासात, आधी अशी औषधे न घेणाऱ्यांपैकी सुमारे 6 टक्के रुग्ण शस्त्रक्रियेनंतर तीन महिने उलटूनही ती घेत असल्याचे आढळले. जानेवारी 2025 मध्ये तिथे सुझेट्रिजिन हे अफूशी संबंध नसलेले नवे औषध मंजूर झाले, ते या अनर्थातून शिकूनच. बनावट गोळीपेक्षा ते सरस ठरले, जुन्या अफूवर्गीय मिश्रणापेक्षा मात्र नाही. इकडे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ उभे केले की अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, आणि त्याच देशात कर्करोगाने तळमळणाऱ्याला मॉर्फिन मिळत नाही, हे केरळच्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारखे लोक वर्षानुवर्षे ओरडून सांगत राहिले. 2014 मध्ये कायदा सुधारला. जिल्ह्याच्या ठिकाणची भीती मात्र फारशी गेलेली नाही.

याचा थेट फटका बसतो सिझेरियन झालेल्या बाईला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) देशातील 21.5 टक्के बाळंतपणे सिझेरियनने होतात. खासगी रुग्णालयांत 47.4 टक्के. म्हणजे ही आपली सर्वांत नेहमीची मोठी शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर विश्रांती नसलेली बहुधा एकमेव. दुसऱ्या दिवशी त्या बाईला उठून बाळ उचलायचे असते, पाजायला बसायचे असते. पाठीतून भूल देतानाच 50 ते 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे नखाएवढेही नाही इतके, मॉर्फिन त्यात मिसळले तर पहिले अनेक तास बरेच सुसह्य होतात, हे सिद्ध झालेले आहे. पण त्यासाठी हवी असलेली, संरक्षक रसायन नसलेली कुपी आणि नंतर श्वासावर लक्ष ठेवणारे माणूस, दोन्ही हाताशी लागतात. ज्या तालुक्याच्या रुग्णालयात ही सोय नाही तिथे काय करावे? पोटाच्या भिंतीत बधिरतेचे इंजेक्शन? टाके घालतानाच जखमेत लिग्नोकेन किंवा बुपिव्हाकेनसारखे बधिर करणारे औषध? पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅकच्या ठरल्या वेळच्या मात्रा पुरतील का?

याची उत्तरे परदेशी अक्कलदाढांवरून मिळणार नाहीत, ती इथेच शोधावी लागतील. आणि शोधता येतात. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातील 11 केंद्रांवर सुमारे 1600 स्त्रियांची चाचणी केली. स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढण्यापूर्वी तिच्याभोवती स्वस्तातले लिग्नोकेन टोचले तर पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्क्यांवर गेले. 2023 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तो प्रश्न वेदनेचा नव्हता, पण काटकसरीची मोठी चाचणी इथे होऊ शकते, हे त्याने दाखवले.

आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत भूलशास्त्राच्या प्रत्येक एमडी विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. साठेक रुग्ण, दोन गट, एक इंजेक्शन. परीक्षा झाली की बांधीव प्रत ग्रंथालयात. इतक्या लहान संख्येतून ठाम काहीच निघत नाही, हे विद्यार्थ्यालाही ठाऊक असते आणि मार्गदर्शकालाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने एक वर्ष सर्व संलग्न महाविद्यालयांना एकच विषय द्यावा: सिझेरियननंतरचे पहिले तीन दिवस. आराखडा एक, नोंदीचा कागद एक, आणि त्यावर शून्य ते दहाच्या आकड्याइतकेच साधे प्रश्न मराठीत: खोकता आले का, कुशीवर वळता आले का, बाळाला स्वतः उचलून घेता आले का, रात्री झोप किती झाली. हे विचारायला नवे यंत्र लागत नाही, परदेशी निधी लागत नाही. विद्यार्थी तयार आहेत, रुग्ण वॉर्डात आहेत, प्रबंध यंदाही लिहिले जाणारच आहेत.