अवकाशातली चवळी आणि बाल्कनीतला डबा

३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोटाहून झेपावलेल्या पीएसएलव्ही-सी६० च्या चौथ्या टप्प्यावर, म्हणजे ‘पोएम-४’ या कक्षीय मंचावर, इस्रोने चवळीच्या ८ बिया एका बंद पेटीत पाठवल्या होत्या. चार दिवसांत त्यांना मोड आले, आठवड्याभरात पाने फुटली. देशभर कौतुक झाले, ते योग्यच. मात्र त्या पेटीतला खरा अवघड प्रश्न कौतुकाच्या भरात मागे पडला. गुरुत्वाकर्षण जाणवतच नसताना पाणी मुळांपाशी राहावे, पण मुळांची हवा कोंडू नये, हे साधायचे कसे?

बाल्कनीतल्या कुंडीपुढेही हाच प्रश्न असतो, आणि तिथे त्याचे उत्तर सर्रास चुकीचे दिले जाते. ‘निचऱ्यासाठी तळाशी खडी घाला’ हा सल्ला इतका रुळला आहे की नवशिक्यांना खडीची पिशवीही विकली जाते. मग रोप सडते आणि ‘हाताला गुण नाही’ असे म्हणून विषय संपतो.

मातीच्या कणांमधल्या पोकळ्या म्हणजे केशनलिकांचे जाळे. ०.३ मिलिमीटर व्यासाच्या काचनळीत पृष्ठताण पाण्याला सुमारे १० सेंटिमीटर उंच धरून ठेवतो. (माती काही एकसारख्या नळ्यांची बनलेली नसते, पण अंदाजाला एवढे पुरे.) जादा पाणी छिद्रांतून वाहून गेल्यावरही तळाचा तेवढा थर चिंबच राहतो. खडीतल्या मोठ्या पोकळ्यांना ही ओढ नसते, त्यामुळे बारीक मातीतले पाणी खडीत उतरत नाही. चिंब थर नाहीसा होत नाही, उलट खडीच्या वर, मुळांच्या आणखी जवळ येऊन बसतो. शंका असल्यास भिजलेला स्पंज आडवा धरावा. ठिबकणे थांबले की तोच उभा करावा. पाणी पुन्हा गळू लागते. बदलली ती फक्त उंची.

तेव्हा हाती थोडेच पैसे असतील तर ते खोलीसाठी खर्चावेत. वरच्या हिशोबाने १५ सेंटिमीटर मातीत हवेशीर भाग जेमतेम ५ सेंटिमीटर उरतो, ३० सेंटिमीटरमध्ये २०. खाद्यतेलाचा १५ लिटरचा रिकामा डबा, तळाला पाच-सहा छिद्रे, त्यांवर जाळीचा तुकडा. मिरचीच्या रोपाला एवढे घर पुरते. दख्खनची काळी माती नुसती भरू नये, ओली होताच ती चिकट होऊन हवा अडवते. तिच्यात कुजलेले शेणखत आणि भाताचे तूस किंवा नीट धुतलेला नारळाचा भुसा मिसळावा. डबा अशा जागी हवा, जिथे दिवसाला सहा तास तरी ऊन येते.

मेथी उथळ पाटीतही होते, कारण ती कोवळी असतानाच खुडली जाते. २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात मोड आणलेल्या बियांत मूग आणि मेथी होती. स्वयंपाकघरातल्या डब्यातले मेथीदाणेही बहुधा उगवतात, वेगळे बियाणे विकत घ्यावे लागत नाही. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे. ओल लागली, तर तांब्या त्या दिवशी तसाच परत ठेवावा.