जहाज बुडवले ज्वालामुखीने

तुलाम्बेन हे बाली बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावरचे गाव. मागे आगुंग हा तीन हजार मीटरहून उंच जिवंत ज्वालामुखी, पुढे लोम्बोकच्या सामुद्रधुनीकडे उघडणारा समुद्र आणि दोहोंच्या मध्ये काळ्या, गुळगुळीत गोट्यांची अरुंद पट्टी. पर्यटकांच्या मनातली पांढरी पुळण इथे नाही. तरीही दक्षिण बालीच्या हॉटेलांतून दोन-अडीच तासांचा प्रवास करून रोज माणसे इथे येतात, कारण किनाऱ्यापासून तीसेक मीटर पोहत गेले की खाली ‘लिबर्टी’ या अमेरिकी मालवाहू जहाजाचा सव्वाशे मीटर लांबीचा सांगाडा दिसू लागतो. स्कूबाचे परवाने वाटणाऱ्या साऱ्या जगात इतके सोपे आणि इतके भरलेले बुडीत जहाज विरळाच.

या आठवड्यात बालीच्या सहलीची एक मराठी जाहिरात छापून आली. तीत या जहाजाचे वर्णन ‘दुसऱ्या महायुद्धात समुद्रात बुडालेले लिबर्टी शिप’ असे आहे. वाक्य एक, चुका दोन. ‘लिबर्टी शिप’ हा दुसऱ्या महायुद्धात घाऊक बांधलेल्या मालवाहू जहाजांचा वर्ग, आणि त्यातले पहिले जहाज १९४१ च्या सप्टेंबरात पाण्यात उतरले. तुलाम्बेनचे जहाज बांधले गेले न्यू जर्सीत, १९१८ साली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्याने फ्रान्सला घोडे पोहोचवले होते. ‘लिबर्टी’ हे त्याचे स्वतःचे नाव. नाव आणि वर्ग यांची गल्लत एक वेळ समजू शकते. दुसरी चूक अधिक महत्त्वाची, कारण ती दुरुस्त केल्याशिवाय तुलाम्बेनचा समुद्र कळत नाही. हे जहाज युद्धात बुडालेच नाही.

घडले ते असे. १९४२ च्या जानेवारीत लिबर्टी अमेरिकी लष्कराचा माल घेऊन ऑस्ट्रेलियाहून फिलिपाइन्सकडे निघाले होते. पोटात रबर आणि रेल्वेचे सुटे भाग होते. ११ जानेवारीला लोम्बोकच्या नैर्ऋत्येस एका जपानी पाणबुडीचा पाणतीर त्याला लागला. ‘पॉल जोन्स’ ही अमेरिकी आणि ‘व्हान घेंट’ ही डच विनाशिका, दोघींनी मिळून ते ओढत नेले. बेत होता बालीच्या उत्तर किनाऱ्यावरचे सिंगराजा बंदर गाठायचा. पण पाणी भराभर आत येत होते, म्हणून वाटेत तुलाम्बेनच्या किनाऱ्यावर ते मुद्दाम चढवले गेले. त्यामुळे माल वाचवता आला. पुढच्या महिन्यात जपानी सैन्य बालीत उतरले आणि जहाज तिथेच राहिले. एकवीस वर्षे ते गोट्यांवर कलंडून उभे होते आणि लोक त्यातले कामाचे लोखंड काढून नेत होते.

मग १९६३ साल आले. आगुंग फेब्रुवारीत जागा झाला आणि १७ मार्चला त्याचा भीषण उद्रेक झाला. मे महिन्यात दुसरा झाला. हजाराहून अधिक माणसे गेली आणि उत्तरेच्या उतारावरून लाव्ह्याचा ओघ कित्येक किलोमीटर खाली आला. त्याच सुमारास आगुंगच्या कुशीतल्या बेसाकीह मंदिरात शतकातून एकदा होणारा एकादश रुद्राचा महाविधी चालू होता. लाव्ह्याने मंदिर मात्र टाळले आणि बालीच्या हिंदूंनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. याच उद्रेकाच्या काळात, धरणीकंपांनी हादरत, लिबर्टी किनाऱ्यावरून घसरले आणि काळ्या वाळूच्या उतारावर कुशीवर जाऊन पडले. पाणतीराने त्याला जखमी केले, समुद्रात टाकले ते ज्वालामुखीने.

हा फरक केवळ इतिहासाच्या शिस्तीचा नाही. हे जहाज किनाऱ्याच्या इतके जवळ का, त्याचा माथा इतका उथळ का, सांगाडा इतका उघडा का, या सगळ्यांची उत्तरे त्या एकवीस वर्षांत आणि त्या घसरणीत आहेत. पाणतीराने ते सामुद्रधुनीतच बुडवले असते, तर ते शेकडो मीटर खोल गेले असते आणि कोणीही ते पाहिले नसते.

तुलाम्बेनमधली बुडी मारण्याची बाकीची ठिकाणेही त्याच डोंगराने घडवलेली आहेत. खाडीच्या पूर्व टोकाला ‘ड्रॉप-ऑफ’ आहे. आगुंगच्या लाव्ह्याची एक सोंड समुद्रात शिरून थिजली आणि तिचा कडा झाला. तो पाण्याखाली साठ मीटरच्याही पुढे उतरतो. सह्याद्रीचा काळा कातळ पाहिलेल्या माणसाला हा दगड परका वाटणार नाही, कारण दोन्हींचे कूळ एकच. फक्त इथे त्याच्या भेगांत शेवाळाऐवजी स्पंज आणि पंख्यासारखे पसरलेले प्रवाळ रुजले आहेत. जहाज आणि कडा यांच्या मधे ‘कोरल गार्डन’ हा उथळ, शांत पट्टा आहे. पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्याला इथेच नेतात. पूर्वेला सेराया गावासमोर नुसती काळी वाळू. वरवर पाहता तिथे काही नाही. पण सावकाश हिंडणाऱ्याला तारामासे खाणारे नक्षीदार कोळंबे, पानासारखे डुलणारे मासे आणि रंग बदलणारे आठपाये सापडतात. काळ्या पार्श्वभूमीवर या चिमुकल्या जिवांचे रंग असे उठून दिसतात की छायाचित्रकार जहाज सोडून इकडे वळतात. वाळू पांढरी असती तर सेरायाला कोणी आले असते का, हा प्रश्नच आहे.

आता तुलना मुद्दाम बुडवलेल्या जहाजाशी. तुलाम्बेनच्या शेजारी कुबू गाव आहे. तिथे २०१२ मध्ये ‘बोगा’ नावाची सुमारे चाळीस मीटर लांबीची जुनी गस्ती नौका मुद्दाम बुडवण्यात आली. हेतू चांगला होता. लिबर्टीवरची गर्दी विभागावी, कुबूलाही पर्यटक मिळावेत आणि प्रवाळाला नवा आधार मिळावा. नौका सरळ, तळावर नीट बसली. पाहणाऱ्यांना काही वेगळे दिसावे म्हणून तिच्यासोबत एक जुनी मोटारगाडी आणि दगडी मूर्तीही ठेवल्या. म्हणजे जे लिबर्टीच्या बाबतीत कोणी योजले नव्हते, ते बोगाच्या बाबतीत सगळे योजून केले.

आणि तरीही दोन्ही जहाजांवर एकाच दिवशी उतरलेल्या डायव्हरला फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो. लिबर्टीचा सर्वांत वरचा भाग पृष्ठभागापासून जेमतेम चार-पाच मीटरवर आहे आणि तळ तीस मीटरच्या आसपास. बोगाचा वरचा भागच अठराच्या सुमारास सुरू होतो आणि खालचे टोक पस्तीसच्या पुढे जाते. कागदावर हे आकडे फार दूरचे वाटत नाहीत. पाण्यात ते दोन वेगळी जगे आहेत.

कारण सरळ भौतिकीचे आहे. समुद्रात दर दहा मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. तीस मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो, म्हणून प्रत्येक श्वासाला चौपट हवा लागते. सिलिंडर तितकाच असतो, तो फक्त लवकर संपतो. रक्तात विरघळणारा नायट्रोजनही वाढतो. वर येताना थांबे न घेता अठरा मीटरवर तासभराच्या जवळपास राहता येते, तर तीस मीटरवर वीसेक मिनिटांत परत फिरावे लागते. नवशिक्याच्या पहिल्या परवान्याची मर्यादा मुळात अठरा मीटरचीच, म्हणजे त्याच्यासाठी बोगा जिथे सुरू होते तिथेच त्याची हद्द संपते. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो, मग नारिंगी. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाला प्रकाश लागतो, म्हणून प्रवाळाची झपाट्याने होणारी वाढही वरच्याच थरात असते. लिबर्टीच्या वरच्या बाजूला सकाळचे ऊन थेट पडते, आणि मास्क लावून वरवर तरंगणारी दहा वर्षांची मुलगीसुद्धा ते जहाज पाहू शकते. बोगा तिला कधीच दिसणार नाही.

लिबर्टीला पन्नास वर्षांची आघाडी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. बोगावरही कालांतराने प्रवाळ दाटेल. पण खोली वयाने कमी होत नाही. लोखंडाच्या उघडेपणाचेही तसेच. किनाऱ्यावरच्या एकवीस वर्षांत लिबर्टीचे इतके काही काढून नेले गेले आणि घसरताना ते इतके फाटले, की आता त्याच्या पोटात अंधाऱ्या बंद खोल्या फारशा उरलेल्या नाहीत. सगळीकडून प्रकाश आत येतो आणि मासे आरपार जातात. मुद्दाम बुडवलेल्या जहाजाला नेमकी हीच अवस्था द्यायला आज तज्ज्ञांना महिनोन् महिने कापाकापी करावी लागते.

लिबर्टीवर पहाटे सहाला उतरणाऱ्यांना याचा पुरावा मिळतो. मोठ्या कपाळाच्या पोपटमाशांचा थवा रात्री या सांगाड्याच्या आडोशाला झोपतो. एकेक मासा मीटरभराच्या आसपास लांब. अजून निळसर अंधार असताना ते अवजड बोजे सांगाड्याच्या फासळ्यांतून हळूहळू बाहेर पडतात, क्षणभर वाळूवर घुटमळतात आणि मग एका रांगेत चरायला निघून जातात. ते प्रवाळ चावतात, तेव्हा आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो, कोणी सुपारी फोडत असल्यासारखा. दक्षिणेकडच्या गाड्या येतात तेव्हा नऊ-दहा वाजलेले असतात. तोवर ते गेलेले असतात.

ही तुलना मराठी वाचकासाठी आता दूरची राहिलेली नाही. भारतीय नौदलातून २०२४ च्या जानेवारीत निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही त्र्याऐंशी मीटर लांबीची नौका सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवून तिचे पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने आखली. कल्पना उत्तम आहे आणि तिला या स्तंभाचा पाठिंबाच राहिला आहे. पण तिच्याविषयीची सगळी चर्चा नौकेच्या पराक्रमाभोवती आणि पाणबुडीतून होणाऱ्या सहलीभोवती फिरते. तुलाम्बेन सांगते की विचारायचा पहिला प्रश्न वेगळा आहे: नौकेचा माथा पृष्ठभागापासून किती वाव खाली राहणार? त्यावर ठरते की तारकर्लीत शिकलेला नवा डायव्हर तिथे उतरू शकेल की नाही, आणि वर्षात किती दिवस खालचे काही दिसेल.

दुसरा प्रश्न पाण्याच्या स्वच्छतेचा. ईशान्य बाली पर्जन्यछायेत आहे. आगुंगच्या त्या अंगाचे ओढे वर्षाचा बराच काळ कोरडे असतात आणि समुद्रात गाळ कमी येतो. कोकणात उलट. कर्लीसारख्या नद्या पावसाळाभर लाल पाणी समुद्रात ओततात आणि ते निवळायला दिवाळी उजाडते. तळही उथळ आणि सपाट असल्याने लाटांनी गाळ पुन्हा उठतो. तेव्हा निवतीचे जहाज जितके वर, तितके ते उजेडात. पण जितके वर, तितका त्याला उधाणाचा मार अधिक. हा तोल मोजमापाने साधायचा आहे, भाषणांनी तो साधणार नाही.

तिसरा मुद्दा या स्तंभाच्या जुन्या वाचकांना ओळखीचा असेल: किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरता येणारे ठिकाण गावाचे राहते, होडीतूनच गाठावे लागणारे ठिकाण होडीवाल्याचे होते. याला आकडेवारीचा आधार तोकडा आहे. तरी तुलाम्बेनच्या किनाऱ्यावर अर्धा तास उभे राहिले तर ते दिसते. भरलेला सिलिंडर सोळा-सतरा किलोचा. गावातल्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवून तो आडवा घेतात, कधी एकावर दुसरा, आणि ज्या गोट्यांवर बूट घातलेला धट्टाकट्टा पर्यटक दोन्ही हात पसरून तोल सावरत असतो, त्याच गोट्यांवरून साध्या चपलांनी झपझप चालत जातात. एक हात सिलिंडरला, दुसऱ्या हातात कोणाचे तरी फिन. हे काम गावाने आपल्याकडे राखून ठेवले आहे. बाहेरच्या डायव्ह सेंटरनेही सामान वाहून घ्यायचे ते याच बायकांकडून. निवतीला चालत जाता येणार नाही, तिथे होडी लागणारच. म्हणून गावाचा वाटा तिथे सुरुवातीलाच लेखी ठरवावा लागेल. तुलाम्बेनला तो भूगोलाने दिला.

तोच भूगोल तो परतही घेतो. २०१७ च्या सप्टेंबरात आगुंग पुन्हा हादरू लागला. इशारा सर्वोच्च पातळीवर गेला आणि एक लाखाहून अधिक माणसांना घरे सोडावी लागली. नोव्हेंबरात राख उडाली, विमानतळ काही दिवस बंद राहिला. तुलाम्बेन डोंगराच्या पायथ्याशीच असल्याने तिथली डायव्ह सेंटरे बंद झाली आणि सिलिंडर वाहणाऱ्या बायका आपल्या मुलाबाळांसह निर्वासित छावण्यांत गेल्या. हादरे थांबून लोक गावात परतले, तेव्हा लिबर्टी होते तिथेच होते, कुशीवर पडलेले, आणि गोट्यांवर पुन्हा चुंबळी आल्या.