सगळ्यात सावकाश चालणाऱ्याची सहल

घारापुरीला जायचं ठरतंय. ठरतंय म्हणजे, आमच्या घरात ते गेली चाळीस वर्षं ठरतंय. :)

माझं माहेर गिरगावातलं. तिथून टॅक्सीने गेट वे, आणि गेट वेपासून बोटीने तासाभरावर घारापुरी. लहानपणी बाहेरगावचे पाहुणे आले की राणीची बाग, म्हातारीचा बूट आणि घारापुरी हा कार्यक्रम ठरलेलाच. मी स्वतः पाच-सहा वेळा गेले असेन, दादा त्याहून जास्त. आणि आई? एकदाही नाही. १९७१ साली लग्न होऊन ती गिरगावात आली. तेव्हापासून सहलीच्या दिवशी पहाटे उठून डबे भरायचे आणि संध्याकाळी दमून आलेल्यांना गरम आमटीभात वाढायचा, हे काम तिचं. कुणी आग्रह केलाच तर म्हणायची, "तुम्ही जाऊन या. लेणी काय पळून जातायत?"

खरंच आहे. सहाव्या शतकापासून ती तिथेच आहेत. लेणी पळाली नाहीत, आईचे गुडघे मात्र गेले. आता ती ७६ वर्षांची आहे.

दिवाळीत भाच्याने तिला मोबाईलवर सदाशिवाचा फोटो दाखवला. बराच वेळ ती फोन हातात धरून बसली. मग म्हणाली, "हे एकदा समोरून बघायला हवं होतं." त्यातलं ते 'हवं होतं' मला फार लागलं.

तर आता सहल आखणं चालू आहे. दादाने दहा मिनिटांत कागदावर सगळं मांडलं. नऊची बोट, सगळी लेणी, वर टेकडीवरच्या तोफा, जेवण, दोनची परतीची बोट, आणि वेळ उरलाच तर येता येता म्युझियम. मग क्षणभर थांबून म्हणाला, "आईला पायऱ्यांपाशी खुर्ची मिळेल ना बसायला?"

इथेच माझं आणि त्याचं वाजलं.

आपण सहल आखतो ती ठिकाण धरून, माणूस धरून नाही. काय काय 'होईल' ते आधी ठरतं, आणि मग त्यात जो मावत नाही त्याला खुर्ची शोधायची. माझं म्हणणं उलट आहे. जो सगळ्यात सावकाश चालतो त्याच्या पायांनी दिवस मोजायचा. त्यात जेवढं बसेल तेवढंच बघायचं.

तसं मोजायला बसले तेव्हा कळलं, इतक्या वेळा जाऊनही मला घारापुरीची काहीच माहिती नव्हती. सोमवारी लेणी बंद असतात, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण गेट वेला बोटीत चढणं हीच आईसाठी पहिली परीक्षा आहे. बोट हलत असते, कधी एका बोटीतून दुसरीत पाय टाकावा लागतो, आणि ओहोटीला पाणी खाली गेलं की पायरी आणि बोट यांतलं अंतर वाढतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांगाची भरती, हे शाळेत घोकलेलं आयुष्यात पहिल्यांदा कामाला आलं. कॅलेंडरवर अष्टमीच्या जवळचा मधला वार शोधला. रविवारची गर्दीही टळली.

बोटीत लाईफ जॅकेट घालायचं, आणि ते शेवटपर्यंत काढायचं नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली आणि माणसं गेली. आईने ती बातमी टीव्हीवर पाहिली होती. मी विचारलं, भीती वाटते का? म्हणाली, "वाटते. तू हात धर."

पलीकडे धक्का लांब आहे. तिथे छोटी रेल्वेगाडी असते, ती मिळाली तर बसायचं. मग शंभर-सव्वाशे पायऱ्या. दोन्ही बाजूंना माळा, टोप्या, काकड्या, कैऱ्यांची दुकानं. एरवी मला त्यांचा वैताग येतो, पण या वेळी प्रत्येक दुकान म्हणजे थांबायचं निमित्त. आईला घासाघीस आवडते. वीस पायऱ्या, एक दुकान. घाई कसली?

डोली मिळते. मी सुचवून पाहिलं. आई म्हणाली, "चार जणांच्या खांद्यावरून जायचं ते एकदाच. आत्ता नको." यावर काय बोलणार? डोलीवाल्यांचं पोट त्यावरच आहे, वगैरे मी सांगितलं, तेही खरंच आहे. पण चढायचं तिने आहे, तेव्हा कसं चढायचं तेही तीच ठरवणार.

वर गेल्यावर फक्त पहिलं मोठं लेणं. दादा म्हणतो, "एवढ्या लांब जाऊन एकच?" हो, एकच. उत्तरेकडच्या दाराने आत शिरलं की उजवीकडे नटराज आणि डावीकडे योगीश्वर, एक नाचणारा आणि एक ध्यानात बसलेला, समोरासमोर. उन्हातून आल्यावर आधी डोळ्यांना काही दिसतच नाही. अंधाराची सवय व्हायला वेळ द्यावा लागतो. तो वेळ मी कधीच दिला नव्हता, तेव्हा मला आठवतात ती माकडंच. मागच्या भिंतीतला सदाशिव सुमारे साडेपाच मीटर उंच आहे. आपण सगळे त्याला ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणत आलो, पण तिन्ही मुखं शिवाचीच. डावीकडचं उग्र, उजवीकडचं कोमल, आणि मधलं डोळे मिटून शांत. पाच मिनिटांत त्याचा फोटो होतो, दर्शन होत नाही.

तिथून आईला शिवपार्वतीच्या लग्नाच्या शिल्पापाशी नेणार आहे. त्या लग्नाच्या बरोबर समोर अंधकासुराचा वध कोरलाय. पन्नास वर्षं संसार केलेल्या बाईला ते समोरासमोर का, हे मी समजावायची गरज नाही. तिथल्या बऱ्याच मूर्तींचे हातपाय तुटलेत. "देवांचेही गुडघे गेलेत गं," असं सांगितल्यावर ती पहिल्यांदा मोकळं हसली.

तोफांपर्यंत भाच्याने पळत जाऊन यावं. म्युझियम दुसऱ्या दिवशी. ज्या दगडी हत्तीमुळे पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो हत्तीही आता बेटावर नाहीच. विलायतेला न्यायच्या खटपटीत तो फुटला, आणि १९१४ मध्ये जोडलेला तो हत्ती भायखळ्याला राणीच्या बागेत उभा आहे. त्याच्यासाठी वेगळा रविवार काढू.

जेवण बेटावरच, गावातल्या कुणाकडे तरी. समोर मुंबई लखलखत असताना या गावांत २०१८ साली समुद्राखालून केबल टाकून वीज आली. आपण सकाळी येऊन दुपारी जाणारे. निदान त्यांच्या हातचं जेवून, दोन शब्द बोलून यावं.

यावरून मात्र आई रुसली आहे. डबा तीच करणार म्हणते. मी म्हटलं, मग तू पाचला उठणार, आणि बोटीत बसायच्या आधीच दमणार. दोन दिवस अबोला होता. शेवटी तडजोड झाली. तिखटमिठाच्या पुऱ्या, त्याही आदल्या रात्री, आणि लाटणार दादा. (दादा, हे वाचत असशील तर आता मागे फिरता येणार नाही.)

मी स्वतःलाही विचारलं, की हिला खरंच जायचंय, की मला माझी रुखरुख मिटवायची आहे? दोन्ही असेल. पण रुखरुख माझी म्हणून तिची इच्छा खोटी ठरत नाही.

आता राहिला एकच प्रश्न. चाळीस पायऱ्यांवर गुडघ्याने नाही म्हटलं तर? त्यासाठी एक नियम केलाय, आणि तो सगळ्यांनी मान्य केलाय. "तू बस इथे, आम्ही बघून येतो," हे वाक्य त्या दिवशी कुणी उच्चारायचं नाही. कुणीतरी एक जण तिच्याशेजारी बसेल, आणि बहुधा ती मीच असेन. मी पाच-सहा वेळा गेलेय की. लेणी काय पळून जातायत?