कितव्या वेताची?

काष्टीच्या जनावरांच्या बाजारात गाय घेणारा आधी विचारतो, कितव्या वेताची? मागल्या वेताला दूध किती होतं? मग भावाचं बोलणं. आमची बाई वजन कमी करायला आहारतज्ज्ञाकडे जाते तेव्हा मात्र तिला थेट काट्यावर उभं करतात. ७४ किलो. उंची १५० सेंटिमीटर, म्हणजे ५१ वर यायला हवं. हातात छापील कागद: ओट्स, सॅलड, भात बंद. वर टोमणा, "तोंडावर ताबा ठेवा."

मैत्रिणींनो, या ७४ किलोंची हकिगत कुणी विचारली का? लग्नात ती ३९ किलोंची होती. मुलगा होईपर्यंत चार बाळंतपणं झाली, दर खेपेला अंगावर चढलेलं उतरलं नाही. सगळ्यांच्या मागून जेवायचं आणि उरलेलं टाकवत नाही म्हणून तेही खायचं. खुरपणी सुटली, शिलाई मशीन आलं. यात तोंडाचा ताबा कुठं आला?

हकिगत तिच्या जन्माआधीच सुरू होते. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास केला. गरोदरपणाआधी या बाया सरासरी ४२ किलोंच्याच होत्या. बाळं सुमारे २.७ किलोंची, इंग्लंडच्या बाळांहून हडकुळी, पण त्या मानानं चरबी टिकवून असलेली. पुढच्या मधुमेहाचा धोका असा आईच्या उपासमारीशी जोडलेला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १८.७ टक्के बाया कमी वजनाच्या, २४ टक्के जादा वजनाच्या आणि ५७ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. वजन जास्त आणि रक्त कमी, अशाही कितीजणी आपल्या गटांत आहेत!

लठ्ठपणा काही नाहीच, असं मी म्हणत नाही. साखर, रक्तदाब, गुडघे खरेच आहेत. पण वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी साखर-रक्तदाबात फरक पडतो. ७४ वाल्या बाईला हे ४ ते ७ किलो. तिच्यासमोर ठेवतात २३! अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६० लठ्ठ बायांना विचारलं, किती उतरायला हवं? सरासरी ३२ टक्के, असं उत्तर आलं. १७ किलो उतरले तरी त्यांना ती निराशाच वाटणार होती. ४८ आठवड्यांच्या उपचारानंतर जवळजवळ निम्म्या तिथवरही पोचल्या नाहीत. हे आकडे बायांच्या डोक्यात कुठून येतात? "सडपातळ, गोरी वधू पाहिजे" हे आपणही वाचतच मोठ्या झालो ना!

काष्टीत बायांना मी विचारते, तुला काय हवंय? उत्तरं येतात: खाली बसून उठता यावं. साखरेची गोळी वाढू नये. जिना चढताना धाप लागू नये. किलोचं नाव क्वचितच निघतं.

तेव्हा आहारतज्ज्ञांनी कागद देण्याआधी विचारावं: लग्नात वजन किती होतं, प्रत्येक बाळंतपणानंतर किती, घरात जेवायला शेवटी कोण बसतं, तेल-डाळ आणायचे पैसे कुणाच्या हातात, आणि तुला स्वतःला काय साधायचंय? भाकरी-पिठल्यात बसेल असाच आहार सांगावा. गटांनीही पुढच्या बैठकीत प्रत्येकीची ही हकिगत लिहून काढावी. दवाखान्यात जाताना तो कागद सोबत न्यायचा, आणि काट्यावर चढण्याआधी टेबलावर ठेवायचा.