स्वत्व आणि समाज

मनोविश्लेषणशास्त्रात ‘स्वत्व’ या कल्पनेस महत्त्वाचे स्थान मिळवून देणारे एरिक एरिक्सन (जन्म १९०२) यांस आपला जन्मदाता कोण, हे कधीच कळले नाही. १९३९ साली अमेरिकेचे नागरिक होताना त्यांनी एरिक्सन हे आडनाव स्वतःच धारण केले. तरीही त्यांचे प्रतिपादन असे की, स्वत्व एकट्याने घडत नाही. किशोरवयात ‘मी कोण?’ असे विचारणाऱ्या मनास आप्तसमाजाची मान्यता लागते.

मॉरिशसमध्ये आपल्या करारबद्ध पूर्वजांची साधी नावे पुढील पिढ्यांची आडनावे झाली. तीही आपण आपलीच मानली. मग क्रेओल बोलणाऱ्या मुलास ‘तू कसला मराठी?’ असे आपण का हिणवावे? त्यास आपला म्हणावे, पणजोबांची कहाणी सांगावी. पुढचे तो ठरवील.