ते तीस दिवस

२०२४ साली आमच्या शहराचा, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा, प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला. गुंठेवारीतल्या एका वस्तीतून आम्ही सात-आठ जणी तो पाहायला गेलो. पिवळा रंग, निळा रंग, हिरवा रंग, त्यावर आकडे आणि रेघा. आमच्यातल्या एका मावशींनी वीस बाय तीसचा प्लॉट बाँडपेपरवर घेतलेला. चार घरची धुणीभांडी करून त्यावर दोन खोल्या उभ्या केलेल्या. त्या बराच वेळ नकाशाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, यात माझं घर कुठाय?"

मला सांगता आले नाही. इतकी वर्षे मी संघटनेचे काम करते. तक्रार कशी नोंदवायची, पोटगीचा अर्ज कुठे करायचा, रेशनकार्डावर बाईचे नाव कसे चढवायचे, हे मी झोपेतून उठवले तरी सांगेन. पण नकाशा मला वाचता येत नव्हता. त्या दिवशी आम्हाला वकिलाची गरज नव्हती, डॉक्टरची नव्हती. गरज होती नगर नियोजकाची, आणि आमच्या ओळखीत तसे एकही माणूस नव्हते.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगर रचना अधिनियम १९६६ सालचा. त्यातल्या २६व्या कलमाप्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचना द्यायला लोकांना तीस दिवस मिळतात. (मुंबईला साठ.) हरकत घेणाऱ्याने मागणी केली तर नियोजन समितीपुढे त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. एकदा आराखडा मंजूर झाला की पुढची वीसेक वर्षे शहर त्याच रेघांवर चालते. आज वस्तीत खेळणारी सहा वर्षांची पोर पुढचा आराखडा येईल तेव्हा सव्वीस वर्षांची, दोन लेकरांची आई झालेली असेल. तिची शाळा, तिचे शौचालय, तिच्या बसचा थांबा हे सगळे त्या तीस दिवसांत ठरते, किंवा ठरायचे राहून जाते.

रेघ कागदावर असते तोवर कोणाला तिचे भय वाटत नाही. २०२५ च्या जून-जुलैमध्ये मुकुंदवाडी, बीड बायपास, पैठण रस्ता या भागांत रस्ते रुंद करण्यासाठी बांधकामे पाडली गेली, तेव्हा रेघ म्हणजे काय ते सगळ्या शहराने पाहिले. रस्ते रुंद हवेत की नकोत हा माझा आजचा विषय नाही. ती रेघ जेव्हा आखली जाते तेव्हा तिच्याखाली राहणारी बाई कुठे असते, एवढाच माझा प्रश्न आहे. शिवाय एप्रिल २०२० मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, आणि पुढची पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे होता. म्हणजे आराखडा आला तेव्हा जिचे दार ठोठवायचे ती नगरसेविकाही माजी झालेली होती. २०११ सालच्या निर्णयाने महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना मिळाल्या खऱ्या, पण त्या तीस दिवसांत आमच्या शहरात एकही जागा भरलेली नव्हती.

आता नियोजकांकडे वळू. नीती आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये नगर नियोजनाच्या क्षमतेवर एक अहवाल काढला. देशात बारा हजारांहून अधिक नगर नियोजकांची गरज आहे, राज्यांच्या नगररचना विभागांत मंजूर पदे चार हजारांच्याही आत आहेत आणि त्यांतली जवळजवळ निम्मी रिकामी आहेत, असे तो अहवाल सांगतो. म्हणजे सरकारात नियोजक अपुरे, आणि वस्तीच्या वाट्याला तर एकही नाही.

मग वस्तीत नियोजक येतच नाहीत का? येतात. वास्तुशास्त्राचे, नियोजनाचे विद्यार्थी सर्वेक्षणाला येतात. २०२० साली केंद्राने 'ट्यूलिप' नावाची योजना काढली. तिच्यातून नव्या पदवीधरांना महापालिकांत आणि स्मार्ट सिटीच्या कामांत उमेदवारी करता येऊ लागली. त्याच सुमारास 'स्ट्रीट्स फॉर पीपल' ही रस्त्यांची स्पर्धा झाली आणि तिच्यात निवडल्या गेलेल्या ११ शहरांत आमचे औरंगाबाद होते. पायी चालणाऱ्या माणसाचा विचार करून रस्ता आखायचा, ही चांगली गोष्ट तरुण वास्तुरचनाकारांना त्यातून शिकायला मिळाली. स्वयंसेवेची संधी, व्यावसायिक विकासाची संधी असे शब्द हल्ली वारंवार कानावर येतात. ही मुले-मुली मनापासून काम करतात, याबद्दल मला शंका नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाचा गट आमच्या वस्तीत आला होता. चार दिवस गल्ल्या मोजल्या, नळ मोजले, फोटो काढले. वस्तीतल्या तीन बायका चारही दिवस त्यांच्याबरोबर हिंडल्या. कोणत्या गल्लीत पाणी चढत नाही, कुठला दिवा बंद असतो, रात्री मुली कोणत्या वाटेने जात नाहीत, पाण्याच्या दिवशी कामावर खाडा कसा होतो, हे सगळे त्यांनीच सांगितले. आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या शहरात पाण्याचा दिवस म्हणजे काय, हे कोणत्या पुस्तकात लिहिलेले असते? विद्यार्थ्यांना गुण मिळाले, प्रमाणपत्र मिळाले, नोकरीच्या अर्जात एक ओळ वाढली. त्या तिघींचा चार दिवसांचा रोज बुडाला. तो नकाशा आणि तो अहवाल आम्हाला पुन्हा कधी दिसला नाही. २०२४ साली तो हातात असता तर मावशींच्या प्रश्नाला उत्तर देता आले असते.

शिकलेल्याने वस्तीत घालवलेला तास हा अनुभव ठरतो, आणि बाईने शिकवण्यात घालवलेला दिवस मात्र खाडा. घरकामाचे मोल कोणी धरत नाही म्हणून आपण इतकी वर्षे भांडलो. हे त्याच जातीचे काम आहे. शिकवणारी तीच, आणि फुकट राबणारीही तीच.

याहून वेगळे घडू शकते, नव्हे घडलेले आहे. १९८५ साली मुंबईत 'स्पार्क' या संस्थेने भायखळ्याच्या आसपासच्या फूटपाथवर राहणाऱ्यांची गणना केली. त्याच कामातून 'महिला मिलन' उभी राहिली. त्या बायकांनी आपल्या घराचा आराखडा आपणच मांडला. लांबी-रुंदी साडीने मोजली, पूर्ण मापाचे नमुनाघर उभे करून लोकांना दाखवले. छत १४ फूट उंच हवे, कारण वर माळा घालता येतो आणि मोठ्या कुटुंबाची सोय होते, हे त्यांनी वास्तुरचनाकारांना सांगितले. पुण्यात वास्तुरचनाकार प्रतिमा जोशी यांनी १९९३ साली सहकाऱ्यांबरोबर 'शेल्टर असोसिएट्स' सुरू केली. वस्तीतल्या घराघराची माहिती गोळा करून ती नकाशावर आणायची आणि त्या आधारे घरोघरी शौचालय पोचवायचे, हे काम ही संस्था पुणे, सांगली-मिरज अशा शहरांत करत आली. तिथे चार दिवसांची भेट नव्हती, वर्षानुवर्षांचा संबंध होता.

आणि आपल्या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण मुंबईच्या विकास आराखड्याचे. २०१५ च्या फेब्रुवारीत आलेल्या प्रारूपावर ६५ हजारांच्या आसपास हरकती आल्या आणि एप्रिलमध्ये ते मागे घ्यावे लागले. स्त्रियांच्या संघटना, वस्तीतले कार्यकर्ते, वास्तुशास्त्राचे शिक्षक आणि नियोजक आराखडा येण्याच्या आधीपासून एकत्र बसत होते, नकाशे वॉर्डावॉर्डात नेऊन तपासत होते. २०१८ साली मंजूर झालेल्या आराखड्यात नोकरदार स्त्रियांसाठी निवास, आधार केंद्र, पाळणाघरासारखी देखभाल केंद्रे अशा जागा आल्या. त्यांतल्या किती प्रत्यक्षात उभ्या राहतात यावर लक्ष ठेवावेच लागेल. पण कागदावर जागाच नसेल तर मागायचे तरी काय?

म्हणून नियोजक मित्रमैत्रिणींना माझे सांगणे असे की, तुमची सेवा आम्हाला हवी आहे, पण उपकार म्हणून नको. वस्तीत येणे हा तुमच्या शिक्षणाचा भाग आहे. नीती आयोगाच्या त्याच अहवालात नगर नियोजकांसाठी वैधानिक परिषद असावी अशी शिफारस आहे. अशी परिषद होईल तेव्हा वस्तीबरोबर केलेले काम व्यवसायाच्या पात्रतेत धरले जावे, ही मागणी स्त्री-संघटनांनी आत्तापासून लावून धरली पाहिजे. आणि हे काम फक्त मुलींच्या गळ्यात पडता कामा नये. समाजसेवा बायकांची आणि मोठे प्रकल्प पुरुषांचे, ही वाटणी आपण पुरेशी पाहिली आहे.

आमच्या बाजूने आम्ही काही अटी ठरवल्या आहेत. इतर गटांनी त्यात भर घालावी.

१. जो गट सर्वेक्षण करील त्याने नकाशाची आणि अहवालाची प्रत वस्तीत ठेवून जावे. ती मराठीत असावी, आणि जिथे गरज आहे तिथे उर्दूतही.

२. वाट दाखवणाऱ्या आणि माहिती देणाऱ्या बायकांना त्या दिवसाचा रोज मिळावा. प्रकल्पाच्या खर्चात तो आधीच धरावा.

३. जाताना वस्तीतल्या निदान पाच जणींना नकाशा वाचायला शिकवून जावे. रंग कशाचा, आरक्षण म्हणजे काय, आपले घर कसे शोधायचे, एवढे तरी.

४. आणि मुख्य म्हणजे, हरकतींच्या तीस दिवसांत नियोजकाने आमच्या शेजारी बसावे. सुट्टीतली चार दिवसांची स्वयंसेवा नसली तरी चालेल. त्या तीस दिवसांतल्या चार संध्याकाळी द्या.

त्या दिवशी आम्ही तशाच परत आलो. मग एका मैत्रिणीच्या भाचीला फोन केला. ती पुण्यात नियोजनाच्या शेवटच्या वर्षाला होती. रविवारी ती बसने आली, जमिनीवर नकाशाची छापील प्रत पसरली, आधी मंदिर शोधले, मग नाला, मग शाळेची भिंत. तिथून घरे मोजत मोजत तिचे बोट एका ठिपक्यावर थांबले. मावशी वाकून बघू लागल्या. घराच्या कडेवरून एक रेघ जात होती. हरकतीचा अर्ज तिथेच बसून लिहिला, एकीचा नाही, त्या रेघेवरच्या अकरा घरांचा. मावशींनी सही केली, आणि त्या मुलीला म्हणाल्या, "आधी कुठं होतीस गं बाई?"

हा प्रश्न त्या एकट्या पोरीला नव्हता. आपल्या शहराचा आराखडा कोणत्या टप्प्यावर आहे, हे प्रत्येक गटाने या महिन्यात विचारून ठेवावे. आणि आपल्या गावात कोणाची मुलगी, कोणाची सून नगर नियोजन शिकते आहे, हेही.